एई-२ आणि कमांडर स्टोकर: एका पाणबुडीच्या सहा दिवसांचा हिशेब

पाणबुडीचा कमांडर कसा होता हे बहुतेक ठिकाणी त्याने किती जहाजं बुडवली यावरून ठरवतात, आणि तोच हिशेब धरला तर लेफ्टनंट कमांडर हेन्री स्टोकरच्या नावापुढे जवळपास काहीच उरत नाही. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये तो ऑस्ट्रेलियन नौदलाची एई-२ पाणबुडी घेऊन तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरला, पलीकडे मार्माराच्या समुद्रात पोचला, तिथे काही दिवस काढले, सोडलेल्या टॉर्पेडोंपैकी एकच लागला आणि सहाव्या दिवशी पाणबुडी स्वतःच्या हाताने बुडवून सगळ्या माणसांसकट तुर्कांच्या कैदेत गेला. बस, एवढंच. पण त्या सहा दिवसांतले त्याचे निर्णय एकेक करून बघायला लागलं की माणूस किती मोठा होता ते कळतं, आणि त्याचं काम आकड्यात का बसत नाही तेही कळतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म २ फेब्रुवारी १८८५, डब्लिन, म्हणजे आयरिश. पोरवयातच ब्रिटिश नौदलात भरती झाला आणि विशीत पाणबुड्यांकडे वळला. तेव्हा पाणबुडी हे नौदलातलं मानाचं काम नव्हतं, उलट तेलाच्या वासात आणि कोंदट हवेत राहायचं, अपघात कायमचे, आणि मोठ्या युद्धनौकांवरचे अधिकारी या मंडळींकडे जरा खालच्या नजरेनेच बघायचे. पण तरुण अधिकाऱ्याला लवकर स्वतःची कमांड मिळायची ती इथेच. स्टोकरने जिब्राल्टरला सुरुवातीच्या छोट्या पाणबुड्यांवर काही वर्षं काढली, आणि ऑस्ट्रेलियाने आपल्या नव्या नौदलासाठी दोन पाणबुड्या घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यातल्या एकीवर तो गेला.

त्या दोन म्हणजे एई-१ आणि एई-२. बॅरो-इन-फर्नेसच्या व्हिकर्सच्या गोदीत बांधलेल्या, ई क्लासच्या, लांबी साधारण ५५ मीटर, पाण्यावर डिझेल इंजिनं आणि पाण्याखाली बॅटरीवरच्या मोटर्स, चार टॉर्पेडो ट्यूब (एक पुढे, एक मागे, दोन बाजूंना) आणि माणसं पस्तीसच्या आसपास, निम्मे ब्रिटिश नौदलाचे आणि निम्मे ऑस्ट्रेलियन. डेकवर तोफ नव्हती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २ मार्च १९१४ ला पोर्ट्समथहून निघाल्या आणि २४ मे ला सिडनीला पोचल्या, ८३ दिवस, त्यातले ६० समुद्रात, सुमारे १३,००० सागरी मैल, आणि त्यातला एक तृतीयांश प्रवास दुसऱ्या जहाजाने ओढत नेऊन. तोपर्यंत कुठलीच पाणबुडी इतकी लांब गेली नव्हती. प्रॉपेलरचं पातं वाटेत तुटलं, इंजिनं सतत रुसायची, आणि उष्ण कटिबंधात आतल्या लोखंडी नळीत काय हाल होत असतील ते मुंबईच्या मे महिन्यात बंद पत्र्याच्या शेडमध्ये तासभर उभं राहिलेल्याला सांगायला नको.

युद्ध सुरू झाल्यावर दोघींना जर्मन न्यू गिनीकडे पाठवलं आणि १४ सप्टेंबर १९१४ ला एई-१ गस्तीवर गेली ती परतलीच नाही. ३५ माणसं. शोधाशोध केली, तेलाचा तवंगसुद्धा सापडला नाही. (तिचा सांगाडा डिसेंबर २०१७ मध्ये सापडला, ड्यूक ऑफ यॉर्क बेटांजवळ, ३०० मीटरपेक्षा खोल.) म्हणजे स्टोकर दार्दानेल्सला गेला तेव्हा ज्यांच्यासोबत अर्ध्या जगाचा प्रवास केला ती सगळी माणसं गेलेली होती, आणि ती कशाने गेली हेही त्याला माहीत नव्हतं. हे ओझं घेऊन तो पुढचे निर्णय घेत होता असं मला वाटतं, जरी त्याने ते कुठे उघड बोलून दाखवलं नसलं तरी.

वाट कसली होती

दार्दानेल्स म्हणजे एजियन समुद्र आणि मार्माराचा समुद्र यांना जोडणारी चिंचोळी पट्टी, सुमारे ६० किलोमीटर लांब, चानाक्कालेजवळ सव्वा-दीड किलोमीटर रुंद. मार्मारा ओलांडला की इस्तंबूल. गॅलिपोली म्हणजे या सामुद्रधुनीच्या युरोपीय बाजूचं द्वीपकल्प, तिथल्या तुर्की सैन्याला दारूगोळा, अन्न, माणसं बरीचशी मार्मारातून जहाजांनी यायची, त्यामुळे तिथे एक जरी पाणबुडी पोचली तरी फार मोठा फरक पडणार होता. पण सामुद्रधुनीत दोन्ही काठांवर तोफा, रात्री सर्चलाइट, आणि पाण्यात दहा ओळींमध्ये साडेतीनशेच्या वर सुरुंग. १८ मार्च १९१५ ला ब्रिटिश-फ्रेंच मोठ्या युद्धनौकांनी घुसायचा प्रयत्न केला तेव्हा एकाच दिवसात तीन बुडाल्या. पाणबुड्यांचं म्हणाल तर कमांडर होलब्रुकच्या ब्रिटिश बी-११ ने डिसेंबर १९१४ मध्ये सुरुंगांखालून जाऊन मेसुदिये ही जुनी युद्धनौका बुडवली होती, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला, पण तो चानाक्कालेच्या अलीकडूनच परत फिरला. जानेवारीत फ्रेंचांची साफिर गेली. आणि १७ एप्रिलला ब्रिटिशांची ई-१५ प्रवाहाने केपेझजवळ काठावर जाऊन रुतली, तिचा कमांडर ब्रॉडी तोफेच्या माऱ्यात मारला गेला. म्हणजे स्टोकरच्या फक्त आठ दिवस आधी.

पण सुरुंग आणि तोफांपेक्षा पाणी जास्त घातक होतं, आणि हे प्रकरण समजायला ते पाणी समजणं गरजेचं आहे. काळ्या समुद्राचं कमी खारट, हलकं पाणी वरून एजियनकडे वाहतं, काही ठिकाणी चार-पाच नॉटने, आणि त्याच्या खालून भूमध्य समुद्राचं जास्त खारट, जड पाणी उलट्या दिशेने सरकत असतं. आमच्याकडे कोकणात खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात हेच होतं, वरून डोंगरातलं गढूळ गोडं पाणी दर्याकडे सुटलेलं असतं आणि खालून भरतीचं खारं पाणी आत घुसत असतं, होडी एकीकडे जाते आणि खाली सोडलेलं जाळं दुसरीकडे ओढलं जातं. मी लहानपणी हे डोळ्यांनी बघितलंय, होडीत बसलेल्या मामाने दोरी माझ्या हातात दिली होती आणि ती दोरी भलत्याच बाजूला तिरकी व्हायला लागली तेव्हा मी घाबरून सोडून दिली होती. पाणबुडीच्या बाबतीत हा नुसता ओढीचा प्रश्न राहत नाही. पाणबुडी पाण्याखाली स्थिर राहते ती तिचं वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन बरोबर जुळवून, त्याला ट्रिम म्हणतात. हलक्या पाण्यात ट्रिम जुळवून जड पाण्यात शिरलात तर पाणबुडी एकदम हलकी होऊन वर उसळते, आणि उलट झालं तर दगडासारखी खाली जाते. १९१५ मध्ये त्या पाण्याचे थर कुठे आहेत हे सांगणारं कुठलंही साधन बोटीत नव्हतं. खोलीमापक बघायचा, हायड्रोप्लेन (बोटीचं तोंड वर-खाली वळवणारे आडवे पंख) धरून बसायचं आणि टाक्यांमध्ये पाणी घ्यायचं किंवा सोडायचं.

त्यात बॅटरीचं गणित. सावकाश गेलं तर बॅटरी बरेच तास पुरते पण समोरचा प्रवाहच तुमच्याइतका वेगवान असेल तर तुम्ही जागच्या जागी, आणि जोरात गेलात तर तासा-दीड तासात बॅटरी खलास. सगळी वाट पाण्याखालून जाणं शक्यच नव्हतं. स्टोकरने तिथल्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल डी रोबेकसमोर जो बेत मांडला त्याचा गाभा हाच होता, रात्रीच्या अंधारात जितकं जमेल तितकं पाण्यावरून जायचं, बॅटरी राखायची, सुरुंगांच्या आधी बुडी मारायची आणि उरलेलं अंतर खालून काढायचं. कागदावर साधं वाटतं. पण आधी गेलेल्यांनी जीव देऊन जे दाखवलं ते या माणसाने नीट मांडून वापरलं.

त्याच्या बाबतीत आधीच एक वाईट गोष्ट घडून गेली होती. मार्चमध्ये लेम्नॉस बेटावरच्या मुद्रॉस बंदरात रात्री परतताना एई-२ खडकावर चढली होती आणि दुरुस्तीला माल्टाला न्यावी लागली होती. कमांडरच्या नावावर असा डाग बसला की पुढच्या कामात तो एक तर फार सावध होतो नाहीतर फार धाडस करतो. स्टोकरने पहिला प्रयत्न २४ एप्रिलच्या पहाटे केला, काही मैल आत गेला, आणि पुढच्या हायड्रोप्लेनचा शाफ्ट तुटला. हायड्रोप्लेन गेलं म्हणजे बोटीची वर-खाली जाण्याची लगामच गेली. तो परत फिरला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय हा, कारण दुसरा कोणी मुद्रॉसचा डाग पुसायला तसाच पुढे रेटला असता. दिवसभरात दुरुस्ती करून घेतली आणि त्याच रात्री परत निघाला.

२५ एप्रिल

पहाटे अडीचच्या सुमारास एई-२ पाण्यावरून सामुद्रधुनीत शिरली. सर्चलाइटचे झोत पाण्यावरून फिरत होते, ही काठाच्या सावलीने सरकत होती. साडेचारच्या सुमारास काठावरून तोफ डागली गेली आणि तिने बुडी मारली. तिकडे पलीकडच्या बाजूला त्याच तासात ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचं सैन्य (इंग्रजी आद्याक्षरांवरून अँझॅक) गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरत होतं, त्यामुळे हा दिवस आजही तिकडे अँझॅक डे म्हणून पाळतात.

मग सुरुंग. सुरुंग वरच्या थरात तरंगत ठेवलेले असतात आणि तळाला जाड तारेने बांधलेले, पाणबुडी त्यांच्या खालून जाते तेव्हा ती तार बोटीच्या पत्र्यावर घासत जाते. आत बसलेल्या माणसांना ते ऐकू येतं, पुढून सुरू होऊन मागपर्यंत खरवडत जाणारा आवाज, आणि एकदा संपला की पुढचा. ती तार कुठे अडकली, हायड्रोप्लेनला किंवा प्रॉपेलरला गुंतली, तर बोट पुढे जाताना वरचा सुरुंग खाली ओढून स्वतःच्याच अंगावर आणते. एई-२ च्या अंगावरून अशा तारा बराच वेळ घासत राहिल्या.

आणि या सुरुंगांच्या मधोमध स्टोकर दोनदा वर आला. पेरिस्कोपने बघायला. हे वाचून पहिल्यांदा मला वेडेपणा वाटला होता. पण प्रवाह आडवा ढकलतोय, काठ जवळ, आंधळेपणाने गेलं तर ई-१५ सारखं काठावर जाऊन बसणार हे नक्की, आणि सुरुंगाला धडकणं ही शक्यता. नक्की मरण आणि शक्य मरण यातून त्याने शक्य निवडलं. दोन्ही वेळा कुठे आहोत ते बघून परत खाली गेला.

सहाच्या सुमारास चानाक्कालेसमोर आल्यावर एका तुर्की गनबोटीवर टॉर्पेडो सोडला, धमाका ऐकू आला. त्या बोटीचं नेमकं किती नुकसान झालं यावर वाद आहेत, स्टोकरने ती लागली असंच कळवलं. त्या धावपळीत विनाशिका चालून आली, तिला चुकवायला वळला आणि एई-२ थेट आशियाच्या बाजूच्या किल्ल्याखाली उथळ पाण्यात चढली, वरचा भाग उघडा. किल्ल्यातल्या तोफा फुटत होत्या, पण बोट इतकी जवळ होती की त्यांची तोंडं तितकी खाली झुकतच नव्हती, गोळे वरून जात राहिले. चार-पाच मिनिटं मोटर उलट-सुलट करून सुटली, आणि थोड्या वेळात समोरच्या युरोपीय काठाला परत तसंच. परत सुटली. म्हणजे एका सकाळी दोन किल्ल्यांच्या तोंडाशी दोनदा रुतून जिवंत निघालेली बोट.

याच दरम्यान द्वीपकल्पावरून पलीकडच्या उतरणाऱ्या सैन्यावर मारा करणाऱ्या एका तुर्की युद्धनौकेला पाण्यात पेरिस्कोप दिसला आणि तिने मारा थांबवून जागा सोडली अशी नोंद आहे. बुडवलेल्या जहाजांच्या यादीत हे कुठेच येत नाही. पण तेवढा वेळ त्या किनाऱ्यावर गोळे पडायचे थांबले.

नागाराचं वळण ओलांडल्यावर स्टोकरने आशियाच्या बाजूला बोट तळावर टेकवली, साधारण २५ मीटरवर, आणि मोटर बंद केल्या. वरून शोधणाऱ्या बोटींची ये-जा ऐकू येत होती, एकदा काहीतरी जड वस्तू ओढत नेताना बोटीला घासून गेली. आत माणसं आडवी पडून होती. हवा जड होत गेली. तो रविवार होता आणि स्टोकरने खलाशांना जमवून प्रार्थना म्हटल्या. पहाटे बुडी मारल्यापासून रात्री नऊपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा तास, ती पाण्याखाली होती. ताज्या यशानंतर पुढे पळायचा मोह होणं अगदी साहजिक होतं, बॅटरी मात्र तेव्हा पुढच्या धावपळीला पुरली नसती, आणि तो काहीच न करता पडून राहिला. मला तर काहीच न करण्याचे ते तास सुरुंगांपेक्षा अवघड वाटतात.

तो संदेश

रात्री वर आल्यावर बॅटरी चार्ज करायला इंजिनं लावली, हॅच उघडून हवा घेतली आणि वायरलेसवरून कळवलं की आम्ही आत पोचलो आणि एक गनबोट टॉर्पेडो केली. समोरून उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं, तरी काही नाही. त्यांना वाटलं यंत्रच बिघडलंय, म्हणजे आत पोचलो पण बाहेर कोणाला पत्ताच नाही.

पत्ता लागला होता. अँझॅकच्या किनाऱ्यावर त्या रात्री परिस्थिती इतकी वाईट होती की तिथल्या सैन्याचा प्रमुख जनरल बर्डवुडने सैन्य परत बोटींवर घ्यायचा विचार कळवला होता, आणि मध्यरात्रीच्या सुमारास क्वीन एलिझाबेथ या युद्धनौकेवर सरसेनापती सर इयान हॅमिल्टनला उठवून त्यावर खल चालू होता. हे सैन्य उतरवणाऱ्या जहाजांचा प्रमुख अ‍ॅडमिरल थर्स्बीने सांगितलं की सगळ्यांना परत बोटींवर घ्यायला दिवस लागतील. त्याच बैठकीत एई-२ चा संदेश आला. तो आत घेऊन येणारा अधिकारी ब्रॉडी, म्हणजे आठ दिवसांपूर्वी ई-१५ वर मारल्या गेलेल्या कमांडरचा जुळा भाऊ. हे मला कधीच नुसता तपशील म्हणून वाचता आलेलं नाही. ज्या वाटेवर भाऊ गेला ती वाट दुसऱ्याने पार केली हे त्याने स्वतःच्या हाताने आत नेऊन दिलं.

हॅमिल्टनने बर्डवुडला लिहिलं की तिथेच टिकून राहा, त्या पत्रात ऑस्ट्रेलियन पाणबुडी आत पोचल्याचा उल्लेख आहे आणि ताजा कलम आहे की आता फक्त खणा, खणा, खणा. यावरून काही जण म्हणतात की एई-२ मुळे गॅलिपोलीची मोहीम वाचली. मला हे ताणलेलं वाटतं. परत फिरणं व्यवहारात शक्यच नव्हतं, थर्स्बीचं म्हणणं त्या निर्णयासाठी पुरेसं होतं. पण माणसं अशा वेळी नुसत्या हिशेबावर चालत नाहीत, नाइलाजाने दिलेला हुकूम आणि धीराने दिलेला हुकूम यात फरक असतो, आणि त्या रात्री तो धीर फक्त एका पाणबुडीकडून आला. आणि त्या मोहिमेत पुढे आठ महिने किती माणसं मेली हे धरलं तर तो धीर चांगला ठरला की वाईट हा प्रश्न वेगळा, तो स्टोकरचा नव्हे.

मार्मारातले दिवस

२६ एप्रिलला पहाटे एई-२ मार्मारात होती. पुढच्या दिवसांत तिने बऱ्याच जहाजांवर टॉर्पेडो सोडले आणि ते सगळे चुकले, काही खालून गेले, काही बाजूने. त्या काळचे १८ इंची टॉर्पेडो काही भरवशाचे नव्हते, आणि स्टोकरच्या अंदाजात चूक नव्हती असंही मी म्हणणार नाही. डेकवर तोफ असती तर छोटी जहाजं थांबवता आली असती, पुढच्या पाणबुड्यांवर ती बसवल्यावर केवढा फरक पडला ते दिसलंच. त्याने मग जे हातात होतं ते केलं, वेगवेगळ्या ठिकाणी मुद्दाम पाण्यावर येऊन दिसत राहिला, म्हणजे शत्रूला वाटावं की पाणबुड्या अनेक आहेत. वाहतूक बिचकावी हाच त्याचा हेतू होता आणि त्यासाठी टॉर्पेडो लागायची गरज नव्हती.

२९ ला ब्रिटिशांची ई-१४ पाणबुडी भेटली, कमांडर कोर्टनी बॉइल. एई-२ पोचल्याचं कळल्यावर बॉइल दोन दिवसांनी आला होता, बोट पाठोपाठ बोट. दोघांनी पाण्यावर बोलून ठरवलं की उद्या सकाळी दहाला परत भेटायचं. स्टोकरकडे तोवर एकच टॉर्पेडो उरला होता.

इथे त्याची चूक शोधायची असेल तर ही भेट. शत्रूच्या समुद्रात ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जाणं धोक्याचंच, याच मार्मारात नोव्हेंबर १९१५ मध्ये फ्रेंच पाणबुडी तुर्कुआजच्या कागदपत्रांवरून भेटीची जागा कळली आणि ब्रिटिशांच्या ई-२० ला तिथे जर्मन पाणबुडीने बुडवलं. पण स्टोकरच्या वेळी कोणाला जागा कळली नव्हती, आणि वायरलेस बंद समजून बसलेल्या कमांडरने दुसऱ्या बोटीमार्फत बाहेर संपर्क ठेवायचा नाही तर काय करायचं.

३० एप्रिल, सकाळी साडेदहा

आर्ताकीच्या आखाताजवळ ठरल्या जागी पोचल्यावर सुलतानहिसार ही तुर्की टॉर्पेडो बोट येताना दिसली, तिचा कप्तान अली रिझा. एई-२ ने नेहमीसारखी बुडी मारली. सगळं ठीक चाललेलं असताना अचानक पुढचं तोंड वर उचललं गेलं. हायड्रोप्लेन पूर्ण खाली, पुढच्या टाकीत पाणी घेतलं, काही उपयोग नाही, आणि बोट शत्रूपासून हाकेच्या अंतरावर पाण्याबाहेर आली. मग घेतलेल्या पाण्याचा भार एकदम जाणवला आणि ती तोंडावर खाली सुटली, इतकी तिरकी की आत माणसांना उभं राहता येईना, हाताला लागेल ते धरून राहायचं. खोलीमापकावर १०० फुटांपर्यंतच आकडे होते. काटा १०० वर जाऊन थांबला आणि बोट खाली जातच होती, किती खाली हे आता कोणालाच दिसत नव्हतं. पूर्ण वेगाने मोटर उलट्या, मुख्य टाक्यांमध्ये हवा सोडली, तेव्हा थांबली, आणि मग तितक्याच बेफाम वेगाने मागचं टोक आधी करून वर आली. सुलतानहिसारच्या तोफेने इंजिनरूमला भोकं पाडली.

खाली जाता येत नाही, वर तोफ नाही, टॉर्पेडो एक. पाण्याच्या वेगळ्या थरात शिरल्याने ट्रिम गेला हेच कारण सगळ्यात पटतं, आणि वर सांगितलं ते पाणी डोळ्यासमोर आणलं तर हे पाच दिवस झालं नाही याचंच नवल वाटतं. स्टोकरने सगळ्यांना वर पाठवलं. तो स्वतः आणि फर्स्ट लेफ्टनंट हॅगर्ड आत राहून टाक्यांची तोंडं उघडत होते, तिसरा अधिकारी केरी ब्रिजवर उभा राहून पाणी कुठवर आलं ते बघून ओरडून सांगत होता. सगळे बाहेर पडले, आणि काही मिनिटांत एई-२ गेली. तीन अधिकारी आणि २९ खलाशी, एकही मेला नाही. सुलतानहिसारने सगळ्यांना पाण्यातून उचलून घेतलं आणि अली रिझा त्यांच्याशी माणुसकीने वागला.

पाणबुडीचा शेवट म्हणजे बहुतेक वेळा सगळी माणसं एकदम, एई-१ सारखी. माझ्या मते स्टोकरच्या सगळ्या कारकिर्दीत मोठं काही असेल तर ही शेवटची पंधरा मिनिटं आहेत, कारण अभिमान धरून अजून एकदा बुडी मारून बघणं त्याच्या हातात होतं.

पुढे

कैद साडेतीन वर्षांची झाली. स्टोकर एकदा पळाला, डोंगरातून चालत समुद्राकडे निघाला, पकडला गेला आणि एकांतकोठडीत पडला. खलाशांना टॉरस पर्वतातल्या बेलेमेदिकजवळ बगदाद रेल्वेच्या बोगद्यांच्या कामाला लावलं होतं, तिथे मलेरिया, टायफस, उपासमार. चौघे परत आले नाहीत. आपल्याकडच्या वाचकांना हे जवळचं वाटेल कारण २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमाराला शरण गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि त्या वेढ्यातून कैदेत गेलेल्या हिंदी शिपायांना याच बगदाद रेल्वेच्या रास-अल-ऐनच्या टोकाला राबवलं. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांमध्ये तेव्हा तुर्कस्तानातून पत्र येण्याची वाट बघत बसलेली माणसं होती.

बॉइलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मेमध्ये इस्तंबूलच्या बंदरात घुसलेल्या ई-११ च्या नॅस्मिथलाही मिळाला. त्यांनी जहाजं बुडवली, तुर्कांना बरीचशी रसद समुद्राऐवजी जमिनीवरून न्यावी लागली, आणि ते सन्मान त्यांना मिळायलाच हवे होते. पण ते ज्या वाटेने गेले ती पार होते हे त्यांना माहीत होतं, आणि स्टोकरला माहीत नव्हतं. त्याला एप्रिल १९१९ मध्ये डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) मिळालं, म्हणजे एक पायरी खालचं. पाठीमागे उभं राहून शिफारस करायला तो नव्हता, कैदेत होता, आणि बुडवल्याचा आकडा नव्हता.

१९२० मध्ये त्याने नौदल सोडलं आणि चक्क रंगभूमीवर गेला, व्यावसायिक नट झाला, कैदेतही तो नाटकं बसवायचाच. दुसऱ्या महायुद्धात परत गणवेश चढवला. १९६२ मध्ये, ७७ व्या वर्षी, आयर्लंडचा क्रोके चॅम्पियन. २ फेब्रुवारी १९६६ ला, बरोबर ८१ व्या वाढदिवशी गेला.

एई-२ चा शोध तुर्की संशोधक सेल्चुक कोलाय यांनी लावला, वर्षानुवर्षं शोधून १९९८ मध्ये. ७३ मीटरवर, तळावर सरळ बसलेली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि तुर्की पथकाने एकत्र खाली जाऊन हॅचमधून कॅमेरा आत सोडला आणि पत्रा गंजू नये म्हणून तिच्याभोवती झिंकचे अ‍ॅनोड लावले. हॅच थोडी उघडी आहे, स्टोकर आणि हॅगर्ड वर आले तेव्हा राहिली तशी. आणि मागच्या बाजूला तो उरलेला एक टॉर्पेडो अजून आत आहे असं धरूनच पाणबुडे तिच्याजवळ जातात.